जागावाटप : दोष संगणकाचा की नियमाचा?

सत्राच्या प्रारंभी महाविद्यालयाच्या कार्यालयासमोर जी गर्दी जमते, तीत गेल्या वर्षी प्रथम वर्ष कला शाखेची एक विद्यार्थिनी उभी होती. आपल्या शाखेबाहेरचा विषय, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, म्हणून तिला लेखांकन हवे होते; गावच्या पतसंस्थेत हिशेबाचे काम मिळण्याची तिला आशा होती. हाती आले ते पर्यटन. कारण साधे होते. सकाळी दहा वाजता संगणकावर अर्ज खुला झाला तेव्हा ती एस.टी.त होती. गाडी घाट उतरून मोबाइलला संपर्क मिळेपर्यंत साठही जागा भरून गेल्या होत्या. ‘‘सर, मी उशीर केला नव्हता,’’ एवढेच ती म्हणाली. लिपिकाचे उत्तर असे : ‘‘आमच्या हातात काय आहे? हे सगळे सॉफ्टवेअर करते.’’

हे उत्तर तपासून पाहण्याजोगे आहे. सॉफ्टवेअर स्वतःच्या बुद्धीने काहीच करीत नाही. ज्या नियमाने जागा वाटावयाच्या तो नियम माणसेच त्यात घालतात. ‘जो आधी येईल त्याला’ हा नियम आमच्याच समितीने घातला होता, आणि प्रस्तुत लेखक त्या समितीचा सभासद होता, हे येथे कबूल केले पाहिजे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये जाहीर झाले आणि राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. विषय निवडण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्याला मिळाले. परंतु वर्गातील बाके तेवढीच राहिली. जेथे मागणी जास्त, पुरवठा थोडा आणि किंमत आकारता येत नाही, तेथे रांग लागते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी जाणतो की, रांग हीदेखील एक किंमतच असते. पूर्वी ती रेशनच्या दुकानापुढे उभे राहून वेळेच्या रूपाने मोजावी लागे. आता ती चांगला फोन आणि अखंड संपर्क यांच्या रूपाने मोजावी लागते. ज्याच्यापाशी ही साधने आहेत त्याला विषय स्वस्तात मिळतो, इतकेच.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी पसंतिक्रम मागविले जातात. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरात सरकारी शाळांतील जागा २००५ पर्यंत ज्या रीतीने वाटल्या जात, तीत आधी सर्वांची पहिली पसंती पाहून जागा कायमच्या भरून टाकीत. मग उरल्यासुरल्या जागांसाठी दुसरी पसंती. त्यामुळे पहिली पसंती हुकलेल्या मुलाची दुसऱ्या क्रमांकाची शाळाही तोवर भरून गेलेली असे. खरी आवड लिहिणारा पालक फसे आणि अंदाज बांधून ‘सुरक्षित’ शाळा पहिल्या क्रमांकावर लिहिणारा साधून जाई. प्रामाणिकपणाला दंड करणारा नियम कितीही अचूकपणे राबविला तरी तो न्याय्य ठरत नाही.

याचे उत्तर डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी १९६२ मध्येच दिले होते. त्यांच्या रीतीत कोणतीही जागा शेवटपर्यंत पक्की होत नाही. विद्यार्थी पहिल्या पसंतीकडे जातो; संस्था आपल्या निकषानुसार वरच्यांना तूर्त ठेवून घेते. नाकारलेला विद्यार्थी दुसऱ्या पसंतीकडे गेला म्हणजे तेथे आधीच बसलेल्यांच्या बरोबरीने त्याचा विचार होतो. कोणालाही नवीन ठिकाणी जावयाचे उरले नाही, की यादी पक्की. यात खरी पसंती लिहिण्याने विद्यार्थ्याचे कधीच नुकसान होत नाही. न्यू यॉर्कच्या माध्यमिक शाळांनी २००३ मध्ये या तत्त्वावर नवी पद्धत स्वीकारली आणि पसंतीची नावेही पाचांवरून बारापर्यंत वाढविली. यादीत नसलेली शाळा ज्यांच्या माथी मारली जाई अशा मुलांची संख्या सुमारे ३०,००० वरून सुमारे ३,००० वर आली. या कामातील एक प्रमुख अर्थशास्त्रज्ञ आल्विन रॉथ यांना शॅप्लींसह २०१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्याकडे मुंबईत २००९ पासून अकरावीचे प्रवेश ऑनलाइन होऊ लागले आणि २०२५ मध्ये ही व्यवस्था साऱ्या राज्याला लागू झाली. गुणानुक्रमाने वाटप हे तिचे बलस्थान. तथापि त्या वर्षी पसंतीची नावे दहापर्यंतच देता येत होती. अशी मर्यादा आली की ‘आवडते कोणते?’ याऐवजी ‘मिळेल कोणते?’ हा हिशेब घरोघर सुरू होतो.

महाविद्यालयातील वैकल्पिक विषयांसाठी तर फार गुंतागुंतीची आज्ञावलीही नको. अर्ज आठवडाभर खुला ठेवावा. सर्व विषयांचा पसंतिक्रम घ्यावा. मुख्य विषयांच्या तासांशी टक्कर होणारे विषय आधीच वगळावेत. सर्वांसमक्ष सोडत काढून प्रत्येकाला क्रमांक द्यावा. त्या क्रमाने प्रत्येकाला शिल्लक विषयांपैकी त्याच्या यादीतील सर्वांत वरचा विषय द्यावा आणि पुढील सत्रात हाच क्रम उलटा करावा. एकाच वेळी अनेक विषय निवडावयाचे असतील तर मात्र थोडी अधिक तयारी लागते. व्हॉर्टन या व्यवस्थापन संस्थेत २०१३ पासून विद्यार्थ्यांना जवळजवळ सारखेच कृत्रिम चलन देऊन संगणकाकरवी विषयांचे भाव ठरविले जाऊ लागले.

सोडतीला आक्षेप येईल की, मग गुणवत्तेचे काय? जेथे विषयाला पूर्वतयारी लागते तेथे गुण अवश्य पाहावेत. परंतु जो विषय दृष्टी विस्तारण्यासाठी ठेवला आहे, तोही गुणांनुसार वाटला तर ज्याला आधीच पुष्कळ मिळाले त्यालाच आणखी मिळते. निकष कोणताही असो, तो शिक्षकांनी ठरवून माहितीपत्रकात छापावा. संगणकाच्या आड लपू नये.

अर्थात उत्तम नियमही साठ जागांच्या एकसष्ट करू शकत नाही. पण त्याने एक गोष्ट साध्य होते. रांगेच्या पद्धतीत साठावा अर्ज आला की दार बंद. बाहेर दहा उभे होते की दोनशे, याची नोंदच राहत नाही. पसंतिक्रमाच्या यादीत ती राहते, आणि लेखांकनाची दुसरी तुकडी मागावयाची तर प्राचार्यांच्या हाती आकडा असतो. त्या विद्यार्थिनीला विषय मिळाला नाही, हे दुःख आहेच. परंतु तिला तो हवा होता हे आमच्या कोणत्याही कागदावर नाही, हा दोष आमचा आहे, आणि तो येत्या सत्रापूर्वी दूर करता येण्यासारखा आहे.