डब्यातली ताकद आणि खळ्यावरचं सोयाबीन

पहाटे पाच वाजता नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर जा. अंधारात पोरं धावताना दिसतील. पायात फाटके बूट, कुणी अनवाणी, आणि कडेला सायकलीच्या हँडलला लटकवलेली एक पिशवी. पूर्वी त्या पिशवीत भिजवलेले हरभरे असत. आता तिच्यात झाकणाची प्लास्टिकची बाटली असते. धावणं संपलं की पोरगं त्यात चमचाभर पावडर टाकतं, खळखळ हलवतं आणि डोळे मिटून पिऊन टाकतं.

ही पोरं कोण आहेत? शेतमजुराची आहेत, ऊसतोड्याची आहेत, हमालाची आहेत, पालिकेत झाडू मारणाऱ्या बाईची आहेत. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, सरकारी जागा आटत चालल्या, तेव्हा खाकी वर्दी हीच त्यांना दिसणारी वाट आहे. आपल्या समाजाला या वाटेचं मोल वेगळं सांगायला नको. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली आणि महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडलं. मधल्या काळात किती घरांच्या चुली विझल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. म्हणून भरतीच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या पोराकडे ‘बॉडी करायचं खूळ’ म्हणून बघू नये. त्याच्या लेखी हा भाकरीचा प्रश्न आहे. आणि नेमक्या याच पोराच्या खिशावर आता एका नव्या बाजाराचा डोळा आहे.

माझ्या भाच्याचंच सांगतो. भरतीची तयारी करतो. व्यायामशाळेतल्या ‘सरां’नी सांगितलं, तुझं वजन कमी आहे, गेनर घे. बहिणीने बचत गटातून पैसे उचलले आणि तीन किलोचा डबा घरी आला. दोन महिन्यांत त्याचं वजन पाच किलोने वाढलं. सगळे खूष! मग सोळाशे मीटरची वेळ लावली, तर ती अर्ध्या मिनिटाने वाढलेली. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत पन्नासपैकी वीस गुण सोळाशे मीटरला असतात, शंभर मीटरला पंधरा आणि गोळाफेकीला पंधरा. ज्याने वीस गुणांची शर्यत जड केली, तो डबा घरात कर्ज घेऊन आला होता!

मी त्या डब्याची मागची बाजू वाचली. पहिला घटक माल्टोडेक्सट्रिन. म्हणजे मक्याच्या किंवा तत्सम स्टार्चपासून केलेली, साखरेच्याच कुळातली पावडर. शंभर ग्रॅममध्ये प्रोटीन पंधरा ग्रॅम. एवढं तर आपल्या फुटाण्यातही असतं, उलट थोडं जास्तच.

तेव्हा आधी हे प्रकरण समजून घेऊ. प्रोटीन पावडर म्हणजे जादू नाही आणि विषही नाही. दूध फाडून पनीर काढलं की जे हिरवट पाणी उरतं, ती निवळी. चीजच्या कारखान्यांत ती एवढी निघते की युरोप-अमेरिकेत एके काळी ती नदीनाल्यांत सोडून देत. पुढे ती गाळून, वाळवून डब्यात भरायचं तंत्र आलं, तीच ही ‘व्हे’. दुधातलंच अन्न आहे. चांगल्या व्हेच्या तीस-तेहतीस ग्रॅमच्या एका मापात चोवीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळतं, म्हणजे साधारण चार अंड्यांइतकं. त्यापलीकडे त्यात काही नाही.

आता गरज किती? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हिशेबाने साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम पुरतं. रोज धावणाऱ्या, दंड-बैठका मारणाऱ्याला १.२ ते १.६ ग्रॅम धरा. साठ किलोच्या पोराला म्हणजे ७२ ते ९६ ग्रॅम. दिवसभरात तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तर तीस ग्रॅम मिळाले. साठ ग्रॅम तूरडाळ म्हणजे तेरा. मूठ-दीड मूठ शेंगदाणे, बारा. तीन अंडी, अठरा. पावशेर दूध, आठ. बेरीज करा, एक्याऐंशी झाली! डबा कुठे लागला?

कुणी म्हणेल, हे कागदावर ठीक आहे. खरं आहे. लातूरला शिकवणीसाठी आलेलं पोरगं खानावळीचा डबा खातं. त्यातलं वरण इतकं पातळ की तळाचं भांडं दिसतं. अंडी तर बहुतेक खानावळींत चालतच नाहीत. अशा पोराचे वीस-पंचवीस ग्रॅम रोज कमी पडत असतील, तर दिवसातून एक माप पावडर घेणं चूक नाही. पण एकच माप आणि जेवणासोबतच. जेवण सोडून पावडर पिणारा पोरगा पंधरा दिवसांत मैदानावर चक्कर येऊन पडतो, कारण धावायला लागतो तो दम भाकरीतून येतो. कसरत संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत प्यायली नाही तर सगळं वाया, हेही दुकानदाराचं शास्त्र. दिवसभरात तीन-चार वेळा वाटून प्रोटीन पोटात गेलं म्हणजे झालं. दुधाने ज्याचं पोट बिघडतं त्याला साध्या व्हेनेही बिघडेल. पाणी भरपूर प्यावं, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात तर मोजून प्यावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. घरात कुणाला तो असेल, तर आधी रक्ततपासणी करून घ्यावी.

मात्र डब्यात लिहिलेलं असतं ते आत असतं का? २०२४ साली केरळमधील डॉ. सिरियाक अॅबी फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी प्रयोगशाळेत तपासून निष्कर्ष ‘मेडिसिन’ या नियतकालिकात छापले. २५ डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा निघाला. काहींत बुरशीचं विष होतं, काहींत कीटकनाशकांचे अंश. हे कसं घडतं? नेहमीच्या तपासणीत थेट प्रोटीन मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रोटीनचा आकडा काढतात. मग ग्लायसीनसारखं स्वस्त अमिनो आम्ल मिसळलं की आकडा फुगतो, स्नायूंना मात्र काही मिळत नाही. चीनमध्ये २००८ साली बाळांच्या दुधात मेलामाइन घातलं गेलं, ते याच युक्तीने. त्याच २०२४ च्या मे महिन्यात राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि स्नायू वाढवण्यासाठी असल्या पावडरी टाळा असं स्पष्ट सांगितलं. म्हणून घ्यायचीच असेल तर सुटी, पुडीत बांधलेली, ‘इम्पोर्टेड आहे, बिल मिळणार नाही’ अशी कधीही घेऊ नये. पक्कं बिल मागावं, अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक पाहावा, आणि किंमत डब्याच्या वजनाने न मोजता आतल्या प्रोटीनच्या ग्रॅमने मोजावी.

यापेक्षा मोठा धोका वेगळाच आहे. तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला आणि राज्य पोलीस दलात उपअधीक्षक असलेला नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला निघाला होता. त्याच्या चाचणीत मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी कालवलं, असं त्याचं म्हणणं होतं. देशातल्या समितीने ते मानलं. पण १८ ऑगस्ट २०१६ रोजी क्रीडा लवादाने ते फेटाळलं आणि चार वर्षांची बंदी घातली. पोटात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची, असा तो नियम आहे. एवढ्या मोठ्या मल्लाची ही गत, तर व्यायामशाळेत ‘सरां’नी दिलेली बिननावाची पुडी घेणाऱ्या आपल्या पोराला कोण वाचवणार? काही ठिकाणी तर मैदानी चाचणीच्या आधी मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं टोचली जातात. भूल दिलेल्या रुग्णाचा रक्तदाब पडला तर वापरायचं ते औषध! ते टोचून सोळाशे मीटर धावणं म्हणजे स्वतःच्या काळजाशी जुगार आहे.

आता एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. आपली ताकद आधी कुठून येत होती? मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्यावर शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिलं, २०१५ साली आलं. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या हीच आमच्या आज्यांची प्रोटीन पावडर होती. लाचारीचं, वाट्याला आलेलं ते अन्न होतं, त्याचं गोडवं गाण्यासारखं काही नाही. पण त्याच २०१५ च्या मार्चमध्ये राज्यात गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाच्या ताटातलं सर्वांत स्वस्त मांस गेलं. २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या खिचडीसोबत आठवड्याला एक अंडं सुरू झालं. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी बंद करून लोकवर्गणीकडे बोट दाखवलं. सहाव्या वर्षी ज्याच्या ताटातलं अंडं काढून घेतलं, तोच अठराव्या वर्षी कर्ज काढून डबा विकत घेतो.

आणि सोयाबीन? लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी देशात नावाजलेली. शंभर ग्रॅम दाण्यात छत्तीस ग्रॅमच्या वर प्रोटीन. आमचे लोक ते पेरतात, काढतात, हमाल पाठीवर वाहतात. मिलमध्ये तेल निघतं, उरलेली प्रोटीनने भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. त्याच पेंडीच्या पिठापासून केलेल्या सोयावड्यांत शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं आणि त्या किराणा दुकानात मिळतात. भाच्याला मी हेच सांगितलं. तो हसला, म्हणाला, “मामा, त्या वड्या खाल्ल्या तर पोरं हसतील.” बहिणीने काही न बोलता संध्याकाळी कांदा-लसूण घालून त्यांचा रस्सा केला. गेनरचा अर्धा डबा अजून फळीवर आहे, बचत गटाचे दोन हप्ते बाकी आहेत, आणि परवाच्या रविवारी सोळाशे मीटरमध्ये त्याची वेळ अकरा सेकंदांनी उतरली.