बत्तिसावा घास

कापूस-सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की परभणी, सेलू, मानवत येथील मोंढ्यांत दुपारच्या जेवणाला निवांतपणा उरत नाही. घरून आलेला डबा गादीवरच उघडला जातो. एका हाताने भाकरी मोडली जाते, दुसऱ्या हातात मोबाईल असतो, बाहेर काटा चालू असतो. डबा रिकामा होतो. पण भाजी कोणती होती, हे संध्याकाळी आठवत नाही. मग राहून गेलेले समाधान सूर्यास्तापूर्वीच्या घाईच्या जेवणात शोधले जाते.

पुढे केव्हातरी रक्तातील साखर वाढल्याचा अहवाल हाती येतो आणि घरात ‘डाएट’ प्रवेश करते. भात बंद, तूप बंद, गोड तर विषच! महिनाभर निग्रह टिकतो, एखाद्या लग्नाच्या पंगतीत सुटतो. मग अपराधीपणा आणि पुन्हा नवा तक्ता.

यात दोष केवळ मनोबलाचा नसतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवक तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. हळूहळू त्यांचे बोलणे, विचार, स्वप्ने अन्नाभोवतीच फिरू लागली. काहींनी पाककृतींची पुस्तके जमवली. बंधने उठल्यावरही काहींना कितीही खाल्ले तरी तृप्ती होईना. बळाने दाबलेली भूक मनात ठाण मांडते, ती अशी.

येथे कोणी विचारील, मग आपल्या उपवासांचे काय? उपवास हे तप आहे. त्याचा हेतू कर्मनिर्जरा, वजनघट नव्हे. शिवाय सहा बाह्य तपांत अनशनाच्या पाठोपाठ अवमौदर्य, म्हणजेच ऊणोदरी, सांगितली आहे. शास्त्रांत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा व स्त्रीचा २८ घासांचा मानला असून त्यातील एक घास कमी घेतला तरी ती ऊणोदरी ठरते. फक्त एक घास! तो सोडायचा तर आधीच्या घासांकडे लक्ष द्यावे लागते. पोट कोठवर भरले, हे जाणावे लागते. ही जाणीव डाएटच्या तक्त्यात नसते.

पाश्चात्त्य जगही याच वाटेवर आले आहे. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे ताणमुक्तीचा जो उपक्रम सुरू केला, त्यात एकच मनुका पाहून, हुंगून, सावकाश चावून खाण्याचा अभ्यास असतो.

परभणीकरांना मनुका शोधण्याची गरज नाही. ज्वारीची भाकरी मुळातच चावून खाण्याची वस्तू आहे. येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटच्या सहकार्याने २०१८ मध्ये आणलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात तर लोह व जस्ताचे प्रमाण अधिक आहे. अशी भाकरी फोनवर बोलता बोलता गिळून टाकणे हा तिचा अनादरच होय.

सुरुवात लहान असावी. जेवणापुरता फोन मुनीमजींकडे द्यावा. पहिला घास चव कळेपर्यंत चावावा, अर्ध्या जेवणावर क्षणभर थांबावे. ताटात आधीच कमी वाढून घ्यावे. ताट धुऊन पिण्याची आपली प्रथा मोजून घेणाऱ्यालाच शोभते. पंगतीत आग्रह एकदाच करावा. गोड खाल्लेच तर मन लावून खावे, नंतर पश्चात्ताप करीत बसू नये. सायंकाळचे जेवण घाईत उरकू नये म्हणून दुकानातून अर्धा तास आधी उठावे.

मात्र मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी आहार घटवण्यापूर्वी अथवा उपवासापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. घरातील एखादी मुलगी वजनाच्या भीतीने ताटच टाळू लागली, तर त्याला तप समजून कौतुक करू नये; तिच्याशी मायेने बोलावे आणि वेळीच उपचार करावेत.

अन्न हा शत्रू नाही आणि भूक हा अपराध नाही. मापात तसूभर फरक पडू नये म्हणून दिवसभर काट्यावर नजर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला स्वतःच्या घासावर नजर ठेवणे मुळीच अवघड नाही.