मुलाच्या घरात राहणाऱ्या ज्येष्ठांना घरकुल मिळतं का?

निपाणी : इचलकरंजीच्या सूतगिरणीत आयुष्य गेलं, निवृत्तीनंतर दोघं नवरा-बायको निपाणीत मुलाकडे आले. पीएफची पेन्शन महिन्याला दोन हजार. स्वतःचं घर नाही. ‘मुलाचं पक्कं घर आहे, तुम्हाला कुठलं घरकुल?’ असं कुणीतरी सांगतं आणि अर्ज करायचं राहूनच जातं. सीमाभागात अशी जोडपी गल्लोगल्ली सापडतील. पण हा समज बरोबर नाही.

कुटुंब कुणाला धरतात?

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून पाच वर्षांसाठी लागू आहे. या योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुलं-मुली. लग्न झालेल्या मुलाचं कुटुंब वेगळं. त्यामुळे त्याचं घर आई-वडिलांचं धरलं जात नाही. उत्पन्नही आई-वडिलांचं वेगळं मोजतात. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेले आर्थिक दुर्बल गटात येतात. दोन हजारांची पेन्शन म्हणजे वर्षाला २४ हजारच. शिवाय ज्येष्ठ नागरिक आणि विधवांना योजनेत प्राधान्य आहे.

अर्ज कुठे अडतो?

अट अशी, की देशात कुठेही कुटुंबातल्या कुणाच्या नावावर पक्कं घर नको. ‘देशात कुठेही’ हे शब्द सीमाभागात महत्त्वाचे. राहायला निपाणीत, पण कागल तालुक्यातल्या वडिलोपार्जित पक्क्या घराच्या उताऱ्यावर भावांबरोबर नाव असेल, तर ते लपवू नये. आधी उतारा काढून नगरपालिकेत दाखवावा आणि अर्ज चालेल का ते विचारून घ्यावं. मागच्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी योजनेतून घर घेतलेलं असल्यास अर्ज चालत नाही.

जागा नसेल तर?

स्वतःची जागा असल्यास घर बांधायला केंद्राकडून दीड लाख मिळतात, राज्याचा वाटा वेगळा. पैसे बांधकाम पुढे सरकेल तसे हप्त्यांनी येतात, म्हणून सुरुवातीची जुळणी स्वतः करावी लागते. जागा नसणाऱ्यांसाठी भागीदारीतल्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा परवडणारं भाड्याचं घर असे पर्याय आहेत. आपल्या गावात असा प्रकल्प आहे का, हे पालिकेत आधी विचारावं. व्याज सवलतीचा चौथा पर्याय कागदावर ज्येष्ठांनाही खुला आहे, पण साठीनंतर बँक लांब मुदतीचं गृहकर्ज सहसा देत नाही.

अर्ज ऑनलाइन किंवा नगरपालिकेतून करता येतो. कुटुंबातल्या सर्वांचे आधार, आधारशी जोडलेलं बँक खातं, उत्पन्नाचा दाखला आणि स्वतःच्या जागेवर बांधायचं असल्यास जागेचा उतारा लागतो. आधार, पासबुक आणि उताऱ्यावर नाव एकसारखंच हवं. कन्नड कागदावर एक स्पेलिंग आणि मराठी कागदावर दुसरं, ही सीमाभागातली जुनी डोकेदुखी आधीच मिटवलेली बरी.

आहे ते घर सोडू नका

घरकुल मिळावं म्हणून राहतं घर मुलाच्या नावावर करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. घरकुलाची खात्री नसते, हातचं घर मात्र जातं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘आमचा सांभाळ करावा’ ही अट त्यात लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, ही अट मोडली तर बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. त्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. निपाणी तालुक्यासाठी ते चिकोडीला. आपलं नेमकं कार्यालय कुठलं, हे ज्येष्ठांच्या १४५६७ या मोफत हेल्पलाइनवर विचारता येतं.

थोडक्यात, मुलाचं घर आड येत नाही, स्वतःच्या नावावरचा उतारा आड येऊ शकतो. म्हणून पालिकेत जाण्याआधी उतारे काढून बघावेत, सीमेच्या दोन्ही बाजूंचे.