सहावा दिवस

शेळगावच्या रेशमाच्या शेडमधून निघताना काकूंनी माझ्या ओंजळीत पाच कोष ठेवले आणि म्हणाल्या, "डब्याला भोकं पाडा, ताई. न्हाईतर पाखरू आतच गुदमरंल." ज्या बाईच्या शेडमधून हजारो कोष निघतात आणि त्यातलं एकही पाखरू बाहेर पडू दिलं जात नाही, तिनं पाच पाखरांच्या श्वासाची काळजी करावी, हे माझ्या मनातून जात नाही.

मी गेले होते पंखांसाठी. आमच्या अंगणातल्या कागदी लिंबावर एक फुलपाखराचा कोष लटकला होता. आठवडाभर तो वाळल्या पानासारखा दिसत होता. एका संध्याकाळी त्याचं कवच पारदर्शक झालं आणि आत घडी घातलेले काळे-पिवळे पंख दिसू लागले. सकाळी कोष रिकामा. हे सगळं मधे कधी घडलं, ते पाहायचं तर दिवस मोजलेले हवेत. रानातल्या अळीची जन्मतारीख कुणाला ठाऊक? रेशमाच्या शेडमध्ये ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेली असते.

बारामती-इंदापूरच्या या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा आहे. काकूंच्या उसाला लागूनच एकरभर तुती आहे. शेडच्या दारातच पायाखाली चुन्याची पूड लागते आणि मग तो वास येतो: कोमेजलेल्या तुतीचा, ओलसर, किंचित आंबूस. घरी आल्यावर दोन दिवस तो माझ्या ओढणीला होता. अळ्या चार वेळा कात टाकतात, पाचव्या अवस्थेत जन्मभराच्या खाण्यातला बहुतेक पाला आठवड्याभरात संपवतात, मग अंग पिवळसर, काचेसारखं होतं. याला 'अळी पिकली' म्हणतात. पिकलेली अळी वेचून प्लास्टिकच्या चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, सोडायची. ती स्वतःभोवती सुमारे हजार मीटर लांबीचा एकच सलग धागा गुंडाळते.

"आणि सहाव्या दिवशी काढायचा," काकू म्हणाल्या. "आधी काढला तर आत कच्चं असतं, फुटतं, कोषाला डाग पडतो. लई उशीर केला तर पाखरू भोक पाडून बाहीर येतं. भोक पडलं की तार तुटली. मग त्याला भाव न्हाई." सहावा दिवस हा शब्द त्यांनी त्या दुपारी इतक्या वेळा उच्चारला, की मला तो सणावाराच्या तिथीसारखा वाटू लागला.

मी विचारलं, "सहाव्या दिवशी आत पंख असतात का?"

त्यांनी एक कोष घेतला, ब्लेडनं टोक कापलं आणि तळहातावर ओतला. आतून तपकिरी, गुळगुळीत, शेंगदाण्याएवढा जीव पडला. काकूंनी तो उताणा केला. छातीपासून पोटापर्यंत दोन्ही बाजूंनी आवळून बसलेल्या दोन पाकळ्या कवचावर स्पष्ट उमटल्या होत्या. पंखच ते. पंख कोषात गेल्यावर तयार होतात, हा माझा समज तिथं संपला.

खरं तर ते त्याच्याही आधीचे असतात. तुती खाणाऱ्या अळीच्या छातीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या वलयात, कातडीच्या आत, पेशींच्या चार बारीक चकत्या असतात. पाचव्या अवस्थेत अळी खात सुटते तेव्हा त्याही वाढतात. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच संशोधकानं अळीचं अंग उकलून आतले पंख दाखवले होते. कोषात अळीची शेवटची कात पडते तेव्हा या चकत्या उलटून बाहेर येतात आणि अंगाला चिकटतात. मग सुरू होतं ते शिंप्याचं काम. पंख हवा त्याहून मोठा बेतलेला असतो. कडेच्या पेशी मरतात आणि उरतो तो नेमका आकार. पृष्ठभागावरची एकेक पेशी एकेक खवला घडवते आणि स्वतः संपून जाते. फुलपाखराला हात लावल्यावर बोटाला लागते ती पूड म्हणजे हेच खवले. रंग शेवटी भरतात, आणि त्यातही काळा सर्वांत उशिरा. माझ्या लिंबावरच्या कोषात त्या संध्याकाळी दिसला तो हा शेवटचा हात.

हे सारं चालू करणारं संप्रेरक म्हणजे एक्डायसोन. ते रेशीमकिड्यातूनच पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. 1954 साली ब्यूटेनांट आणि कार्लसन या जर्मन शास्त्रज्ञांनी 500 किलो कोषस्थ किडे वाटून अवघे 25 मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. काकूंची दोनशे अंडीपुंजांची बॅच चांगली उतरली तर दीडशे किलो कोष भरतात. त्यांच्या चार-पाच बॅचमधले सगळे जीव त्या चिमूटभर पदार्थाला लागले असते.

पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागे. आता बारामतीच्या बाजार समितीत खरेदी होते, काकूंचा माल तिथंच जातो. पुढे कोष आतल्या जीवासकट गरम हवेत सुकवतात. सुकवणं हा शब्द मला तेव्हापासून जड जातो. पण काकूंचा हात पाहिला की मी गप्प बसते. दिवसातून दोन-तीनदा पाला कापून बोटांना काळे चरे पडलेत, आणि धाकट्या मुलीची कॉलेजची फी याच कोषांतून गेली आहे.

पाच कोषांचा, भोकं पाडलेला डबा मी घरी खिडकीत ठेवला. अळी चंद्रिकेवर सोडल्यापासून पंधराव्या दिवशी पहाटे एका कोषाचं टोक ओलं झालं आणि त्यातून पांढरं, भिजलेलं डोकं बाहेर आलं. पंख नखाएवढे, चुरगळलेले. पतंग डब्याच्या कडेला चढून लटकला, पोट आवळत राहिला आणि आतला द्रव शिरांमध्ये ढकलत राहिला. लटकायला जागा मिळाली नसती तर पंख तसेच चुरगळलेले वाळले असते. अर्ध्या तासात ते पसरले: दुधी, तलम, एकही डाग नसलेले. मी चहा ठेवायचं विसरले.

तो उडाला नाही. माणसानं हजारो वर्षं पाळल्यानं या जातीची उडण्याची ताकद गेली आहे. त्याला तोंडही कामाचं नसतं, काही खाता येत नाही. तासाभरानं दुसऱ्या कोषातून मादी आली तसे त्याचे पंख इतक्या वेगानं थरथरू लागले, की दिसेनासे झाले, आणि तो जागच्या जागी गोल फिरत राहिला.

मी काकूंना फोन केला. पलीकडे शेड धुतल्याचा, पाइपमधून पाणी पडल्याचा आवाज येत होता. मी काही सांगायच्या आत त्यांनी विचारलं, "पंख सरळ झालं का ओ, ताई?"