विद्यार्थ्यांचे कागद

परीक्षांचा हंगाम आटोपला, निकाल लागले आणि फेरतपासणीची मुदतही उलटून गेली, की आमच्या महाविद्यालयाच्या मागील दारी रद्दीवाल्याचा टेम्पो उभा राही. आणि वर्षभर विद्यार्थ्यांनी लिहिलेली जर्नले, ट्युटोरियलचे सुटे ताव, काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीतील प्रकल्प असा सारा ऐवज वजनावर विकला जाई. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून एकतीस वर्षे मी हे पाहिले. निवृत्तीच्या आदल्या वर्षी त्या गठ्ठ्यांतून एक वही सहज माझ्या हाती आली. आमच्या तालुक्यातील आठवडे बाजारांत धान्य मोजण्याची मापे कोणती, ती कोणत्या गावी किती भरतात, आणि किलोचा काटा आल्यानंतरही पायली, अधोली, मापटे, चिपटे ही कोणकोणत्या व्यवहारांत टिकून राहिली, याची बारा गावे पायी हिंडून केलेली नोंद तीत होती. शेवटच्या पानावर ‘पाहिले’ असा शेरा होता आणि खाली माझी सही होती. ती वही मी वाचलेली नव्हती.

महाविद्यालयीन विद्यार्थ्याकडून जे लिहवून घेतले जाते त्याचा विचार मी तेव्हापासून गंभीरपणे करू लागलो.

‘निबंध’ हा शब्द शालेय रचनेच्या तासाला आपण इतका झिजवला आहे, की त्याचे मूळचे वजन आता कोणाच्या ध्यानात राहिलेले नाही. धर्मशास्त्राच्या परंपरेत निबंध म्हणजे अनेक स्मृतींत विखुरलेली वचने एका विषयाभोवती बांधून, त्यांतील विरोधाचा परिहार करून, वाचकाला निर्णयापर्यंत नेणारा ग्रंथ. पैठणहून काशीस जाऊन राहिलेल्या भट्ट घराण्यातील कमलाकरभट्टाने १६१२ मध्ये पुरा केलेला ‘निर्णयसिंधु’ आणि त्याचाच चुलतभाऊ नीलकंठ याचे बारा ‘मयूख’ ही या जातीची ठळक उदाहरणे होत. या निबंधकारांची शिस्त अशी, की वचन मनूचे की याज्ञवल्क्याचे हे सांगितल्यावाचून ते एक पाऊलही पुढे टाकीत नाहीत, आणि पूर्वीच्या ग्रंथकाराचे मत खोडावयाचे असेल तरी ते आधी त्याच्या नावानिशी, त्याच्या बाजूने पुरते मांडतात. टीकाकार मल्लिनाथानेही, निराधार असे काही लिहिणार नाही आणि अनावश्यक असे काही बोलणार नाही, अशी प्रतिज्ञा करूनच लेखणी हाती घेतली होती. आधार देण्याची पद्धत पाश्चात्त्यांकडून आली असे मानून तिच्याकडे परकी उठाठेव म्हणून पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगितले पाहिजे, की ती त्याच्या पणज्याच्या घरातली आहे.

इंग्रजी पद्धतीचा निबंध आपल्याकडे रुजला तो मात्र विद्यालयांच्या आवारात. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची; परंतु त्याच्या नऊ वर्षे आधी, १८४८ मध्ये, एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व त्यांच्या अध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली होती. तिच्या सभांत निबंध वाचले जात, त्यांवर वाद होई, आणि वादाची परिणती अशी झाली, की याच तरुणांनी वर्षभरात मुंबईत मुलींसाठी शाळा उघडल्या. विद्यार्थ्याच्या लिखाणाचा समाजाला याहून प्रत्यक्ष उपयोग झाल्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ मध्ये सुरू झाली तेव्हा तिला वाचक मिळाला तो या सभांनी आणि शाळांनी आधीच घडविलेला.

विद्यार्थिदशेत लिहिलेले कागद किती दूरवर जातात याची दाखलेवजा उदाहरणे महाराष्ट्रात विपुल आहेत. १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयातून आनंदीबाई जोशी पदवीधर झाल्या, तेव्हा पदवीच्या अटीप्रमाणे त्यांनी जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. वयाची एकविशीही न ओलांडलेल्या त्या मुलीने अमेरिकेत बसून, अमेरिकन पाठ्यपुस्तकांतील एखादा सुरक्षित विषय न घेता, आपल्या देशातील स्त्रीच्या बाळंतपणाबद्दल जुने संस्कृत ग्रंथ काय सांगतात याची मांडणी केली. गुण मिळविण्यास याहून सोपी वाट खात्रीने उपलब्ध होती. पांडुरंग वामन काणे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई विद्यापीठाच्या मंडलिक सुवर्णपदकासाठी जे निबंध लिहिले त्यांपैकी एक अलंकारशास्त्राच्या इतिहासावरचा होता. तोच विषय वाढत वाढत पुढे त्यांचा संस्कृत काव्यशास्त्राचा सर्वमान्य इतिहास झाला. आणि नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’चे संपादन करताना प्रस्तावनेदाखल धर्मशास्त्राचा थोडा इतिहास द्यावा असे जे त्यांच्या मनात आले, त्याचा विस्तार १९३० ते १९६२ या काळात पाच खंडांत आणि साडेसहा हजारांहून अधिक पृष्ठांत झाला. धनंजयराव गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मुळात त्यांचा केंब्रिजमधील पदवीचा प्रबंध. लेखकाचे वय तेवीस.

परंतु मला सर्वांत अधिक विचार करावयास लावते ती दोन विद्यार्थ्यांच्या लिखाणांची एक भेट. अमरावतीकडून अमेरिकेत गेलेले श्रीधर व्यंकटेश केतकर कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते, आणि तेथील अभ्यासातून त्यांचे भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरचे पुस्तक १९०९ मध्ये बाहेर पडले. सात वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एक निबंध वाचला: भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती व विकास. वर्गातील कामाचा भाग म्हणून लिहिलेला हा कागद. त्यात त्यांनी सेनार्ट, नेसफील्ड आणि रिस्ले या युरोपीय पंडितांच्या व्याख्या तपासून बाजूला सारल्या आणि मग केतकरांची व्याख्या घेतली. हा लेखक आतून पाहणारा आहे, त्याची बुद्धी चिकित्सक आहे, असा गौरव करून ते पुढे म्हणतात की केतकरांनी जातीची जी दोन लक्षणे निराळी म्हणून दिली, जन्मानेच सभासदत्व आणि बाहेर विवाहास बंदी, ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. कारण बाहेर विवाह बंद केला की जन्माखेरीज आत येण्याची वाटच उरत नाही. या एका दुरुस्तीवर सारा निबंध उभा आहे. अंतर्विवाह हाच जातीचा गाभा ठरला, की तो टिकविण्यासाठी नवऱ्यामागे उरलेल्या स्त्रीचे आणि बायकोमागे उरलेल्या पुरुषाचे काय करावयाचे हा प्रश्न येतो, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या तिन्ही चालींचा उलगडा त्या एका प्रश्नातून होत जातो. शेवटी तरुण लेखक सांगतो, की हे प्रमेय टिकत नाही असे कोणी दाखवून दिले तर ते सोडून देण्याची आपली तयारी आहे. पुढील वर्षी, मे १९१७ मध्ये, ‘इंडियन अँटिक्वरी’ने तो छापला. एका मराठी विद्यार्थ्याच्या प्रबंधाला दुसऱ्या मराठी विद्यार्थ्याने परक्या देशात, नाव घेऊन, आदराने आणि निर्भयपणे दिलेले हे उत्तर आपल्या प्रत्येक महाविद्यालयात, विषय कोणताही असो, पहिल्या वर्षी शिकविले गेले पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

इरावती कर्वे यांचे उदाहरण याच ओळीतले. मुंबईस घुर्ये यांच्या हाताखाली चित्पावनांविषयी प्रबंध लिहून त्या बर्लिनला गेल्या, आणि तेथे ऑयगेन फिशर या मार्गदर्शकाने त्यांना मानवी कवटीच्या असमरूपतेचा विषय दिला. युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व त्यातून सिद्ध व्हावे, अशी त्या संस्थेतील अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, मापे पडताळली, आणि अपेक्षित भेद दिसत नाही असा निष्कर्ष लिहून दिला. १९३० मध्ये त्यांना पदवी मिळाली. मार्गदर्शकाच्या मर्जीपुढे मोजणीचा आकडा ठेवणे हे आजही किती जणांना साधते?

आता आजच्या व्यवहाराकडे वळतो. विज्ञानशाखेत जर्नल हे प्रमुख लिखाण होय. प्रयोगाचा हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान ही त्याची घडण उत्तम आहे, आणि वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने दाबून वाळविलेल्या रोपाखाली स्थळ, तारीख व अधिवास लिहिणे म्हणजे त्याच्या आयुष्यातील पहिला शास्त्रीय दाखला होय. दुर्दैव इतकेच, की बहुतेक ठिकाणी वरच्या वर्गाचे जर्नल समोर ठेवून निरीक्षणांचे आकडे उतरवून घेतले जातात, आणि प्रयोग बिघडला तर तो का बिघडला हे लिहिण्यास कोष्टकात रकानाच नसतो. अभियांत्रिकीत काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरविण्याला विद्यार्थी ‘जीटी मारणे’ म्हणतात; सबमिशनच्या आठवड्यात वसतिगृहांतून रात्रभर हेच चाललेले असते. वाणिज्य आणि व्यवस्थापनाच्या शाखांत ‘ब्लॅक बुक’ नावाचा जो प्रकल्प सादर करावा लागतो, तो नाव बदलून छापून देणारी दुकाने शहरांत उघड चालतात. वैद्यकात पदव्युत्तर पदवीसाठी प्रबंध सक्तीचा आहे, आणि रुग्णालयातील प्रत्यक्ष रुग्णांच्या नोंदींवर तो आधारलेला असल्यामुळे त्याची उपयुक्तता स्वयंसिद्ध आहे.

इतिहासाबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पुण्यात १९१० मध्ये राजवाडे व मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले, तेव्हापासून मंडळाच्या सभांत विद्यापीठाची कोणतीही पदवी नसलेल्या माणसांनी घरच्या दप्तरातील मोडी कागद वाचून दाखविले आणि त्यांवर विद्वानांशी बरोबरीने वाद घातला. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आजही आहेत. इतिहासाच्या पदवीधराने तीन वर्षांत एक, केवळ एक मोडी कागद स्वतः लावून, त्याची देवनागरी नक्कल करून, मूळ प्रतीशी मुकाबला करून, त्यातील महाल, मौजा, खर्चाची बाब आणि तारखेचा मेळ यांचा तपशील दोन पानांत लिहिला, तर मराठेशाहीवरील चाळीस पानांच्या उतरवलेल्या प्रकल्पापेक्षा त्याचे मोल अधिक आहे. असा कागद दुसऱ्याचा उतरवून घेता येत नाही, कारण तो कोणी आधी लिहिलेलाच नसतो. आमच्या बाजारातील मापांची वही हीही याच जातीची होती.

उतरवून घेण्याच्या रोगावर सरकारी उपाय झालेले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले: प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, चाळीसपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रत, साठपर्यंत एक वर्षाची मनाई, त्यापुढे नोंदणीच रद्द. शब्दांची जुळणी यंत्र मोजते, आणि ते आवश्यकही आहे. परंतु शब्द बदलून विचार उचलला तर यंत्र मुके राहते, आणि आता तर संगणकाला विषय सांगितला की तो कोणाशीही न जुळणारी पाने क्षणार्धात पुरवतो. तेव्हा साम्याचे शेकडा प्रमाण शून्य असूनही वहीत विद्यार्थी नसणे हे यापुढे नित्याचे होणार. यावर मला एकच उपाय परिणामकारक दिसतो: अध्यापकाने ते लिखाण वाचावे, आणि विद्यार्थ्याला समोर बसवून, हे तुला कसे कळले, असे विचारावे.

येथे अध्यापकांची कैफियतही न्यायाने मांडली पाहिजे. एका तुकडीत एकशेवीस विद्यार्थी असतात. प्रत्येक वहीस वीस मिनिटे दिली तरी चाळीस तास होतात, आणि तुकड्या तीन-चार असतात. रिक्त जागांवर तासिका तत्त्वावर नेमलेल्या तरुण अध्यापकाला शिकविलेल्या तासाचे मानधन मिळते. वह्या वाचण्याचे तास कोणत्याही हजेरीपत्रकात रुजू होत नाहीत. जे काम हिशेबातच धरलेले नाही ते होत नाही याचा दोष एकट्या अध्यापकावर ठेवणे अन्यायाचे आहे. माझ्या वरील सहीचा बचाव म्हणून मी हे लिहीत नाही. ती चूक माझीच होती.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे राज्यातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव यांना श्रेयांक मिळू लागले आहेत, आणि चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्पाची वाट खुली झाली आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत महाराष्ट्रातील गावोगावची लाखो मुले आपला बाजार, आपली विहीर, आपली बोली, आपल्या गावचे कारागीर यांविषयी लिहिणार आहेत. त्यांना विषय देताना पुस्तकात सापडणार नाही असा द्यावा. त्यांच्या प्रकल्पांची संख्या वर्षाला एकावर आणून ठेवली तरी चालेल, परंतु त्या एकाचा कच्चा मसुदा अध्यापकाने लाल शेऱ्यांसह परत करावा आणि विद्यार्थ्याने तो पुन्हा लिहावा, एवढा शिरस्ता विद्यापीठांनी घालून द्यावा, आणि त्या वाचनाचे तास अध्यापकाच्या कामात मोजावेत.

प्राचार्यांना आणि ग्रंथपालांना माझी एक विनंती आहे. दरवर्षी प्रत्येक विभागातील पाच चांगली लिखाणे निवडून, त्यांना दाखल क्रमांक देऊन, महाविद्यालयाच्या किंवा गावच्या वाचनालयात ठेवावीत. आणि ज्या वाचकांच्या घरी माळ्यावर वडिलांचे वा आजीचे असे जुने कागद बांधून पडले असतील, त्यांनी ते रद्दीत देण्यापूर्वी एकदा सोडून पाहावेत. मापांची ती वही मी टेम्पोतून परत काढून घेतली. आता ती आमच्या तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात, लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावाने दाखल आहे, आणि मागेल त्याला तेथे बसून वाचावयास मिळते.