कढईपासून दारापर्यंतचे अंतर

जेथे बसून खाण्याची सोय नसते आणि जेथील सारे पदार्थ केवळ घरपोच पाठविण्यासाठीच शिजतात, अशा व्यावसायिक स्वयंपाकघराला आज ‘क्लाउड किचन’ म्हटले जाते. नाव नवे असले, तरी चूल एकीकडे आणि जेवणारा दुसरीकडे ही रीत मुंबईला नवी नाही; डबे पोहोचविण्याची तेथील व्यवस्था १८९० पासूनची आहे, आणि गिरणगावात घाटावरून व कोकणातून आलेल्या कामगारांसाठी महिन्याच्या बोलीवर जेवण रांधणाऱ्या खानावळवाल्या बायकांचे संघटन करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. फरक आहे तो माहितीचा. खानावळवालीला आपले जेवणारे नावानिशी ठाऊक असत आणि उद्या किती पोळ्या लाटायच्या हे आदल्या रात्रीच कळे. क्लाउड किचनच्या मालकाला मात्र रात्री आठ वाजता दहा ऑर्डरी येतील की साठ, याचा दुपारी केवळ अंदाज बांधता येतो, आणि तो चुकला की एक तर चिरलेली भाजी वाया जाते किंवा ग्राहक ताटकळतो.

पुण्यात २००४ मध्ये रोल विकण्यापासून सुरू झालेल्या ‘फासोस’चा प्रवास या धंद्याचे तर्कशास्त्र चांगले उलगडून दाखवतो. बसून खाण्याची दुकाने मागे टाकून ही कंपनी घरपोच विक्रीकडे वळली, एकाच स्वयंपाकघरातून रोल, बिर्याणी, पिझ्झा असे पदार्थ वेगवेगळ्या नावांनी विकू लागली आणि पुढे ‘रेबेल फूड्स’ झाली. कांदा, टोमॅटो, पनीर, कोंबडी हा माल सर्व नावांना सामाईक राहिला, तर एका पदार्थाची मागणी घटली तरी तो दुसऱ्यात खपतो, हा या रचनेचा खरा आधार आहे. नवा उद्योजक मात्र नावे वाढवताना सामाईक मालाचा हा हिशोब विसरतो आणि दहा नावांसाठी दहा प्रकारचा माल भरून बसतो, तेव्हा तीच रचना त्याच्या अंगावर येते.

स्वयंपाकाच्या दृष्टीने पाहिल्यास येथील आचाऱ्याला पदार्थ कढईतून निघताना कसा आहे यापेक्षा अर्ध्या तासानंतर कसा असेल, हे आधी ठरवावे लागते. तळलेल्या वड्याचे आवरण कुरकुरीत असते ते त्यातले पाणी उडून गेलेले असते म्हणून. परंतु बंद डब्यात आतल्या सारणाची वाफ त्याच आवरणात परत मुरते आणि वडा मऊ पडतो, म्हणून डब्याला भोके हवीत आणि तळणीनंतर वडा क्षणभर जाळीवर निथळायला हवा. भात गार होताना त्यातील स्टार्चचे कण पुन्हा घट्ट बांधले जातात व शिते कडक होतात. मोठ्या प्रमाणात एकत्र भरलेली दमाची बिर्याणी आपली ऊब धरून ठेवते, म्हणून ती या प्रवासाला अधिक योग्य ठरते. मिसळीचे उदाहरण तर विशेष बोलके आहे: उसळ, रस्सा, फरसाण, कांदा आणि पाव हे सारे वेगवेगळे बांधावे लागते, वर आलेल्या तर्रीच्या तेलकट थरामुळे रश्शाची वाफ कमी उडते व तो बराच काळ गरम राहतो, आणि शेवटची जुळणी ग्राहकाच्या हातून होते. पुरीला यातले काहीच मानवत नाही. ती यादीतून वगळणे हेच प्रामाणिकपणाचे. प्रत्येक नवा पदार्थ बांधून, अर्धा तास ठेवून, मगच चाखणे ही चाचणी फुकट असूनही ती टाळली जाते, हे खेदाचे आहे.

हिशोबाकडे वळल्यास, दर्शनी जागेचे भाडे आणि वाढप्यांचे पगार वाचतात हे खरे, पण ते पैसे दुसऱ्या वाटांनी जातात. समजा, ३०० रुपयांच्या ऑर्डरीवर ॲपचे कमिशन २५ टक्के, म्हणजे ७५ रुपये आहे. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी साडेतेरा रुपये होतो, आणि ५ टक्के दराने कर आकारणाऱ्या हॉटेल व्यवसायाला त्याची वजावट मिळत नाही. कच्चा माल १०० रुपये आणि डबा, चमचा, पिशवी मिळून २० रुपये धरल्यास हाती साडेएक्क्याण्णव उरतात. आचाऱ्याचा पगार, गॅस, वीज, भाडे, ॲपवरील जाहिरात आणि ग्राहकाला दिलेली सूट हे सारे त्यातूनच भागवायचे असते. चाळीस रुपयांची सूट दिली, तर बाकी साडेएक्कावन्नवर येते. डब्याचा खर्च किमतीत न धरणे ही यातली सर्वांत घातक चूक होय.

ग्राहकाला भटारखाना दिसत नसल्यामुळे स्वच्छतेची जबाबदारी येथे अधिक कडक होते. जंतू ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान झपाट्याने वाढतात आणि शिजलेल्या भातात टिकून राहणारे काही जीवाणूंचे बीजाणू, म्हणजे प्रतिकूल काळातही तगणारी त्यांची सुप्त रूपे, भात तासन्‌तास कोमट राहिला की पुन्हा जागे होतात. म्हणून दुपारचा भात ओट्यावर ठेवून रात्री गरम करून देणे हा नुसता आळस नसून धोका आहे. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक बिलावर छापणे बंधनकारक आहे, आणि एका स्वयंपाकघरातून पाच नावांनी विक्री होत असली, तरी त्या क्रमांकावरून अन्न नेमके कोणत्या ओट्यावर शिजले, हे ग्राहकाला शोधता येते.