कुंभाराचं गाढव आणि डीडीटी

मागच्या वेळी आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो. व्याख्यान संपल्यावर एक ताई थांबल्या होत्या. मूळच्या मुरबाडकडच्या, लग्नानंतर डोंबिवलीकर झालेल्या. म्हणाल्या, ‘‘सर, मला चौपन्नाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. आमच्या घरात कोणालाच नव्हता. लहानपणी घराच्या भिंतींवर डीडीटी मारायचे. त्याचा काही संबंध असेल? आणि आता मुलगी गरोदर आहे, पुढच्या आठवड्यात घरी पेस्ट कंट्रोल आहे, ते करू का?’’

आम्ही डॉक्टर नव्हे. आमची डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली, तिचा तापालासुद्धा उपयोग नाही. पण ‘याचा त्याच्याशी संबंध आहे का’ हा प्रश्न आमच्याच दुकानातला आहे, म्हणून तो टाळता येईना. गेले काही आठवडे आम्ही त्यावर वाचत होतो. आज तेच सांगणार आहोत.

डीडीटी आम्हालाही आठवतं. कल्याणला पारनाक्याजवळ आमचं घर होतं. १९५३ साली देशात हिवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतरची ही गोष्ट. खाकी कपड्यांतली माणसं पाठीवर पंप घेऊन यायची. भांडीकुंडी अंगणात काढायची, आत फवारा व्हायचा, भिंतीवर पांढुरके ओघळ वाळून राहायचे आणि जाताना दारावर तारीख लिहून जायचे. आम्हा पोरांना त्याचं कोण कौतुक. ढेकणांसाठी गादीखाली पावडर, उवांसाठी डोक्यात पावडर. त्या काळी हिवतापाने माणसं मरत होती आणि या पांढऱ्या पुडीने ती वाचली, हेही विसरून चालणार नाही. आज त्या फवारणीवाल्यांना खलनायक ठरवणं सोपं आहे. आम्हाला ते मान्य नाही.

आता आपल्या नैयायिकांकडे जाऊ. कारण म्हणजे काय? जे कार्याच्या आधी नियमाने असतं आणि अन्यथासिद्ध नसतं, ते. घड्याला माती लागते, चाक लागतं, दंड लागतो, कुंभार लागतो. पण ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली ते गाढव? तेही आधी होतंच. तरी ते कारण नाही, कारण माती बैलगाडीतूनही आली असती आणि घडा तोच झाला असता. हे गाढव अन्यथासिद्ध. ताईंचा प्रश्न या भाषेत असा: त्यांच्या आजाराच्या बाबतीत डीडीटी म्हणजे चाक की गाढव?

ठरवायचं कसं? अन्वय आणि व्यतिरेक. ते आहे तिथे हे आहे, ते नाही तिथे हे नाही, असं दिसतं का बघायचं. अमेरिकेतल्या संशोधकांनी तेच केलं. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर स्तनाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. आजारी बायकांचं आणि निरोगी बायकांचं रक्त तपासलं, डीडीटीचे अवशेष मोजले. संबंध सापडला नाही. म्हणजे गाढव. पुष्कळांनी फाइल मिटली.

पण रक्त घेतलं कधी? आजार झाल्यावर. बहुतेकींची पन्नाशी-साठी आली होती. इथे जरा थांबू या, कारण सगळी गोम या ‘कधी’मध्ये आहे.

आपल्या शरीरातले बहुतेक अवयव जन्मतःच जवळजवळ पूर्ण असतात, नंतर नुसते मोठे होतात. स्तनग्रंथीचं तसं नाही. गर्भ दीडेक महिन्याचा असताना तिची पहिली रेघ उमटते. जन्माच्या वेळी दोनचार आखूड नलिका असतात, मुलीतही आणि मुलातही. मग ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. वयात येताना इस्ट्रोजेन वाढलं की नलिकांच्या टोकांना अंकुर फुटतात आणि चरबीत शिरत, फांद्या काढत पसरतात. पहिल्या गरोदरपणात तिला पुन्हा पालवी फुटते, आणि काम सुरू होतं ते बाळ जन्मल्यावर. म्हणजे ही ग्रंथी हप्त्याहप्त्याने बांधली जाते आणि प्रत्येक हप्ता संप्रेरकांच्या हुकमाने पडतो. अंकुर फुटायच्या दिवसांत तिथल्या पेशी भराभर दुभंगत असतात, आणि म्हणूनच नाजूक असतात. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या स्त्रियांमध्येही स्तनाच्या कर्करोगाचा धोका सर्वांत जास्त वाढला तो त्यांच्यात, ज्या स्फोटाच्या वेळी लहान मुली किंवा किशोरवयीन होत्या.

डीडीटीचा गुण असा की त्याचा एक प्रकार इस्ट्रोजेनची नक्कल करतो, आणि शरीरात त्याचं जे डीडीई होतं ते पुरुषी संप्रेरकाची वाट अडवतं. खोटी सही करून हुकूम काढणाऱ्या कारकुनासारखं. बांधकाम संपलेल्या इमारतीत असा खोटा हुकूम आला तर फारसं बिघडत नाही. पाया घालताना आला तर?

कॅलिफोर्नियातल्या ओकलंड भागात १९५९ ते १९६७ या काळात वीस हजारांच्या आसपास गरोदरपणांची नोंद ठेवली गेली होती, आणि त्या मातांचं रक्त गोठवून ठेवलं होतं. ठेवणाऱ्यांच्या मनात डीडीटी नव्हतं. पण बार्बरा कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रक्त काढलं आणि प्रश्न बदलून विचारला: डीडीटी बाजारात आलं १९४५ मध्ये, तेव्हा या बाईचं वय काय होतं? २००७ मध्ये उत्तर आलं. तेव्हा जिचं वय चौदाच्या आत होतं आणि जिच्या रक्तात डीडीटी जास्त होतं, तिला पन्नाशीच्या आत कर्करोग होण्याचा धोका सुमारे पाचपट. जी तेव्हाच चौदाच्या पुढे गेली होती, तिच्यात संबंध दिसेना. १२९ आजारी आणि १२९ निरोगी स्त्रियांचा हा अभ्यास, तेव्हा ‘पाचपट’ हा आकडा काळ्या दगडावरची रेघ मानू नका. पण दिशा स्पष्ट आहे. पुढे २०१५ मध्ये त्याच मातांच्या मुलींचा हिशेब आला. गरोदरपणी आईच्या रक्तात डीडीटीचा तो नक्कल करणारा प्रकार जास्त असेल, तर मुलीचा धोका जवळजवळ चौपट.

आम्हाला हे वाचताना मीमांसक आठवले. यज्ञ आज केला, फळ कित्येक वर्षांनी मिळणार. मधल्या काळात यज्ञ तर संपून गेला, मग फळ कोण देतो? त्यांनी उत्तर दिलं, ‘अपूर्व’ नावाचं काहीतरी मागे उरतं. विद्यार्थी या ठिकाणी नेहमी हसायचे. आम्हालाही ती पळवाट वाटायची. इथे मात्र तसं काही खरंच उरलेलं असतं आणि ते हातात धरता येतं: वेगळी घडलेली ग्रंथी.

हातात धरता येतं हे अक्षरशः. मेक्सिकोतल्या सोनोरा प्रांतात याकी नावाचं खोरं आहे. खोऱ्यात कीटकनाशकांवर चालणारी शेती, शेजारच्या डोंगरपायथ्याला तशी नाही. लोक एकाच वंशाचे. एलिझाबेथ गिलेट यांनी दोन्हीकडच्या आठ ते दहा वर्षांच्या मुली तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. खोऱ्यातल्या मुलींचे स्तन दिसायला वाढलेले, पण हाताने चाचपल्यावर आत चरबीच जास्त. ग्रंथी कमी, काहींच्यात तर हाताला लागेचना.

आपल्याकडे काय? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. बारा राज्यांतल्या गाईम्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने. ८२ टक्क्यांत डीडीटीचे अंश. किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम ही मर्यादा ओलांडणारे देशभरात ३७ टक्के. पण महाराष्ट्रात ७४ टक्के, सर्व राज्यांत पहिला नंबर. बाळांच्या डब्यातल्या दुधाच्या वीस ब्रँडचे १८६ नमुने तपासले, त्यांतही सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी. शेतीतला डीडीटीचा वापर मागे घेतला गेला तो १९८९ मध्ये. कल्याणच्या दूधनाक्यावर कासंडी घेऊन रांगेत उभे राहिलेले आम्ही; मुलांना दूध प्यायला लावण्यासाठी किती धाक घातला असेल आपण सगळ्यांनी! ज्या मुलींनी ते दूध प्यायलं त्या आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. ओकलंडमध्ये होतं तसं गोठवलेलं रक्त आपल्याकडे नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत तोच प्रश्न त्याच रीतीने विचारायची सोय राहिलेली नाही. आम्हाला सर्वांत जास्त हेच लागतं.

कीटकनाशकाच्या डब्यावरचा रंगीत चौकोन पाहिला आहे का? त्यात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो रंग ठरतो उंदीर किती मात्रेत मरतो यावर. निळा दिसला की शेतकरी म्हणतो, ‘सौम्य आहे.’ उसातल्या आणि मक्यातल्या तणावर मारतात ते अॅट्राझिन मारक मात्रेच्या हिशेबाने सौम्यच. पण गाभण उंदरीणींना ते दिल्यावर पिल्लांची स्तनग्रंथी उशिरा आणि अपुरी वाढते, असं प्रयोगांत दिसलं आहे. हे सांगणारा रंग त्या चौकोनात नाही. तो ‘किती’ सांगतो, ‘कधी’ सांगत नाही.

तर ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या एकटीच्या आजाराचं कारण डीडीटी होतं, असं कोणीही सांगू शकणार नाही. हे अभ्यास हजारांच्या घोळक्याबद्दल बोलतात, एका माणसाबद्दल नाही. घोळक्यात ते गाढव नव्हतं, इतकं आम्हाला आता पटलं आहे. तुमच्या आईने घर सारवून फवारणीवाल्यांना आत घेतलं, कारण तिला तुम्हाला हिवतापापासून वाचवायचं होतं. तिच्याकडे बोट दाखवू नका.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पेस्ट कंट्रोल पुढे ढकला. झुरळं वाट बघतील. ढकलता येत नसेल तर मुलीला काही दिवस दुसरीकडे पाठवा, आणि फवारणाऱ्याला औषधाचं नाव विचारा. ‘हर्बल आहे’ हे नाव नव्हे, डबा दाखवायला सांगा. संध्याकाळी धुराची गाडी आली की खिडक्या लावून घ्या, नातवंडं तिच्यामागे धावत असतील तर हाक मारा. आम्हीही धावलो होतो. आणि बाळ झाल्यावर या सगळ्याला घाबरून अंगावरचं दूध तोडू नका. आईच्या दुधात असे अंश सापडतात हे खरं, तरी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला अंगावर पाजण्याचाच आहे. डब्याच्या दुधात काय सापडलं होतं, ते आत्ताच सांगितलं.